म्हाळसा आत्यानं पोतं वाळत घातलं

किशनरावानं भर दुपारी गांधीलमाशांचं पोळं जाळलं, हे आधीच सांगते. मागून कुनी म्हनू नये की चूक दोघांची व्हती. दोघांची नव्हती.

म्हाळसा माझी आत्या, बापाची थोरली भैन. आमचे आजे मेंढरं घिऊन फिरायचे. आता मेंढरं न्हाईत. जनवाड्यात थोडं रान हाय आन लाल दगडाच्या भिंतीचं पत्र्याचं घर हाय. नवरा मेल्यापासून आत्या हितंच. गल्ली तिला वळखती कुरडयांसाठी. उन्हाळा आला की बायका तीन दिवस भिजवलेले, नखानं दाबले की दूध निघनारे गहू घिऊन आमच्या मागल्या आंगनात येत्यात. वाटायचे, चीक गाळायचा, बसू द्यायचा, वरचं पानी काढून मोठ्या तपेल्यात शिजवायचा. शिजवायचं काम आत्याचंच. पळीवरून चीक कसा पडतोय ते बगून ती सांगती, "आता घाला साच्यात." तिच्या हातची कुरडई तेलात टाकली की ताटलीयेवढी फुगती. दुसरीकडं केलेली पापडावानी पडून राहती. त्या दिवसात आंगनात पाय ठिवायला जागा नसती, आन आत्या मधी चुलीपशी, समद्यांवर खेकसत. तिचं सुख म्हंजे एवढंच.

त्याच आंगनात गांधीलमाशा बी यायच्या. आमच्या आन किशनरावाच्या मधी कंबरेयेवढी भिंत. त्याच्या छज्ज्याखाली त्यांचं पोळं व्हतं. एप्रिल लागला की इकडं दाराची कडी धरली तरी हात भाजतो. माशांना बी तहान लागती. त्या रांजनाच्या वल्या फडक्यावर येऊन बसायच्या. आत्यानं काय केलं, पार कोपऱ्यात दगडावर एक पोतं टाकलं आन त्याच्यावर सकाळ-दुपार पानी मारायला लागली. माशा तिथं जायच्या, पोतं चोखायच्या, आपल्या वाटंनं जायच्या. रांजनाकडं एक बी येईना झाली.

"ह्यांना कामून पाजायलीस?" मी म्हनलं. "जाळून टाकू की."

"ह्या वांग्यावरच्या आळ्या नेत्यात, त्या मग तू खानार हायस का? तहानलेल्याला हाकलू न्हाई, पिंके. त्याची जागा येगळी करून द्यावी."

मला आळ्या खायच्या नव्हत्या.

त्या दिवशी लिंगम्माचा चीक चुलीवर व्हता. लिंगम्मा म्हंजे समोरच्या घरातली. दुपारचे बारा वाजलेले. तिकडं किशनरावाला घराला रंग द्यायचा व्हता, कारन त्याच्या पोरीला, भुवनेश्वरीला, पाव्हने बगायला येनार व्हते. छज्ज्याखालचं पोळं आडवं आलं. आता पोळं काढायचं तर दिवस मावळल्यावर काढत्यात, माशा निवल्यावर. शेंबडं पोर बी सांगंल. पर किशनरावाचं खताचं दुकान हाय, शेतकरी त्याला इचारून फवारा मारत्यात, त्यामुळं आपल्याला समदं कळतंय आसं त्याला वाटतंय. बांबूला चिंधी गुंडाळली, डिझेलात बुडवली आन लावली पेटवून. नेमकी वावटळ उठली. धूर आन माशा समद्या भिंतीवरून आमच्या आंगनात.

लिंगम्मा पळाली. मी बी पळाले, खरं सांगते. आत्या पळाली न्हाई. तिचे दोन्ही हात पळीवर. चीक घट्ट व्हायला आल्ता, आन त्या टायमाला हात थांबला की गुठळ्या हुत्यात, बुडाला लागतो, समद्या गव्हाची माती.

मी दारातून वरडले, "आत्या, सोड ते! सोड!"

"लाकडं वढ बाहीर," ती म्हनली. "लाकडं वढ आधी."

मी परत गेले, जळती लाकडं वढली. मला दोन चावल्या. तिला किती, कुनी मोजल्या. तपेलं खाली उतरवलं आन मगच ती पदरात तोंड घालून खाली बसली.

दिवस मावळंपर्यंत तिचे डोळे मिटले. नाक कुठं, गाल कुठं, काय कळंना. डॉक्टरनं सुई दिली, "वाचलात," म्हनला. मग चार दिवस ती भिंत चाचपत फिरायली.

किशनराव एकदा बी बगायला आला न्हाई. उलटं हाटेलात बसून सांगायला लागला, "तिनंच पाळल्यात. रोज पानी पाजती, मी डोळ्यानं बगितलंय. आज तिला चावल्या, उद्या कुनाच्या लेकराला चावतील." पोळं जाळल्याचं नाव तोंडात न्हाई. आन पानी पाजती हे तर खरंच व्हतं, म्हनून बायकांना समदंच खरं वाटलं. आमच्या आंगनात यायचं बंद. लिंगम्मा तर त्याच चिकाच्या कुरडया डब्यात भरून मोकळी. आमच्या दारावरून मान खाली घालून जायली.

हंगाम आसतो किती? मिरगाच्या आत समदं उरकायचं. ह्या साली बायका दुसऱ्या चुलीवर गेल्या की पुढं परत येनार न्हाईत. आत्या सकाळी उठून रिकामं तपेलं चाचपून बगायची. ते मला बगवंना.

"त्याचा कूलर फोडते मी," म्हनलं. किशनरावाचा मोठा पत्र्याचा कूलर आमच्या बाजूच्या खिडकीला हाय, गवताच्या जाळीचा.

आत्या बाजेवर पडलेली. "दगुड मारलास तर तुझं नाव हुईल. मला त्याचं नाव त्याच्याच तोंडून पायजे."

"मग काय करायचं?"

"पोत्यावर पानी कोन मारायलंय?"

"मीच."

"वाळत घाल ते. रांजन झाक, फडकं काढ. भांडी आत मोरीत घास. आंगनात पान्याचा थेंब दिसू नये. बाकीचं ऊन करंल."

उरलेल्या माशांनी आमच्या पत्र्याखाली नवं पोळं धरल्तं. त्या पोत्यावर आल्या, फिरल्या, बसून बगितलं आन भिंतीवरून गेल्या. तिसऱ्या दिवशी कूलरची जाळी माशांनी पिवळी. पानी पियाला बसायच्या आन पंख्यानं वढल्या की थेट खोलीत. चव्वेचाळीस डिगरी ऊन. आतून सोजराबाई, त्याची बायकू, वरडायची, "आवो, बंद करा ते! माझ्या झंपरात शिरली!" कूलर बंद केला की किशनराव घाम पुसत बाहीर. चालू केला की बोंबलत बाहीर. मी भिंतीपशी बसून ऐकायची आन आत्याला सांगायची. सुजलेल्या वठांनी ती हसायची. लई वाईट दिसायचं ते हसू. मला आवडायचं.

पाव्हने गुरुवारी येनार. सोमवारी किशनराव दारात.

"म्हाळसक्का, बरं हाय का आता?"

आत्याचे डोळे तवर निम्मे उघडल्ते. तरी म्हनली, "कोन हाय?"

"मी, किशनराव."

"कोन किशनराव?"

तीस वरसाचा शेजार. त्यानं कोपऱ्यातल्या दगडाकडं हात केला. "ते पोतं, अक्का... घाल की त्याच्यावर पानी. गुरुवारी कमलनगरचे पाव्हने हायत. कूलर लावता येईना."

"मी न्हाई बाबा. माशा पाळती म्हनून गावभर बोंब हाय माझी."

"चुकलं माझं."

"मला कामून सांगायलाव? मला ठावं हाय. उद्या सकाळी पान्याच्या टाकीवर सांगा. बायका आसतेत तवा."

मंगळवारी मी आत्याला हात धरून टाकीवर नेलं. बायका कॅन लावून उभ्या. किशनराव आला, चपलांकडं बगत उभा राह्यला. तोंड उघडलं आन डोक्यावरून जवळच्या एअरफोर्स तळाचं इमान आलं. इमान आलं की आमच्याकडं समदे बोलनं थांबवत्यात. ह्यो थांबला न्हाई. त्या आवाजातच काय ते बोलून टाकलं आन निघाला.

"किशनराव," आत्या म्हनली, "इमान गेलं. आता बोला."

बायका खुदुखुदु हसल्या. त्याचं तोंड लाल.

"पोळं मी जाळलं. दुपारचं. म्हाळसक्काची काय चूक न्हाई."

"मोठ्यानं. मागं लिंगम्मा हाय, तिला ऐकू येईना गेलंय."

परत बोलला, मोठ्यानं. लिंगम्माचा कॅन भरून वाहायला लागला तरी तिचं ध्यान न्हाई.

घरी आल्या आल्या आत्यानं पोत्यावर घागर वतली. पर माशा काय तिच्या चाकर न्हाईत. सवय मोडाया चार-पाच दिवस लागले. गुरुवारी पाव्हने पेपरानं वारा घेत घामात बसले. तरी जमलं. भुवनेश्वरी गुनाची पोरगी हाय, तिच्यावर आमचा राग न्हाई.

"माशा लगेच फिरनार न्हाईत हे तुला ठावं व्हतं?" मी इचारलं.

"व्हय की."

शुक्रवारपासून बायका परत यायल्या. लिंगम्मा समद्यांच्या आधी आनखी भिजल्या गव्हाची बादली घिऊन हजर. "तू मागं बस," आत्या म्हनली. "व्हय अक्का," म्हनून ती दिवसभर उन्हात बसली. मी आत्याच्या जागी आसते तर तिला दारातूनच हाकललं आसतं. आत्यानं शेवटी का व्हईना, शिजवून दिलं.

मग सोजराबाई आली. भुवनेश्वरीच्या रुखवताला कुरडया पायजेत.

"करते की," आत्या म्हनली. "पर गहू किशनरावानं आनायचे. सोता. डोक्यावर."

चौथ्या दिवशी तो आला. डोक्यावर भिजल्या गव्हाचं घमेलं, पानी कानावरून शर्टात गळायलेलं. दारादारात बायका उभ्या. आत्यानं घमेल्यातला दाना घेतला, बोटात फिरवला, टाकून दिला.

"भिजले न्हाईत. न्या परत."

"अक्का, तीन दिवस झाले की!"

"चीक कुनी शिजवायचाय, तुमी का मी?"

मी हळूच एक दाना उचलून नखानं दाबला. पांढरं दूध निघालं. मी आत्याकडं बगितलं. ती किशनरावाकडं बगत व्हती.

"उद्या या," म्हनली. "आसंच, डोक्यावर."