तेहतिसाव्या वर्षाचे दगड

जपानच्या दक्षिण टोकाकडल्या इए बेटावरच्या नामिझातो नाबेने बावीस वर्षं लाल बावट्याकडे बघून शेती केली. अमेरिकन फौजेने कुंपण घातलं तेव्हा तिचं शेत आत गेलं. बावटा वर असला की विमानं घिरट्या घालायची, शिपाई छत्र्यांनी उतरायचे. खाली आला की बायका कुदळी घेऊन आत शिरायच्या. पहारेकरी काणाडोळा करायचे.

नाबे रताळ्यांना हात लावायच्या आधी केवड्यापाशी जाऊन उदबत्ती लावायची. तिथे तिची लेक त्सुरू होती. महायुद्धातली लढाई बेटावर यायच्या थोडं आधी तापाने गेलेली, दीड वर्षांची. एवढ्या लहान जीवाला घराण्याच्या थडग्यात ठेवत नाहीत, म्हणून बांधावर पुरलेली. पुढे साऱ्या गावाला दुसऱ्या बेटावर हलवलं. दोन वर्षांनी परत आले तर बांध, झाडं सगळं सपाट, कुणाचं शेत कुठे तेही कळेना. नाबेने टेकडीच्या टोकाशी नजर जुळवून अंदाजाने जागा ठरवली होती.

आता त्सुरूला जाऊन तेहतिसावं वर्ष आलं. मेलेल्याचा जीव तेहतिसाव्या वर्षी देव होतो, त्याला वाडवडिलांत न्यावं लागतं. हाडं नसली तर त्या जागेचे तीन दगड चालतात. बावटा उतरायची आठवडाभर वाट बघून नाबेने दगड आणले, धुतले, मडक्यात ठेवले.

मडकं पाहून तिचा नवरा सेईतोकु ताटावरून उठला.

"ते दगड तिचे नाहीत," तो म्हणाला. "ती गावच्या विमानतळाखाली आहे."

तीन वर्षांपूर्वी तिथे जमीन सपाट करायला तोच यंत्रावर होता. पुरताना त्सुरूच्या उशाशी ठेवलेली निळी वाटी मातीतून वर आली, ती त्याने तशीच परत ढकलली. साऱ्या बेटाला तेव्हा विमान हवं होतं. आजारी माणूस तासाभरात मोठ्या बेटावर, नाहा शहरातल्या दवाखान्यात पोचेल, असं जो तो म्हणत होता.

"तुला सांगितलं असतं तर यंत्रापुढे आडवी पडली असतीस."

"पडलेच असते. आणि तिला घेऊन उठले असते."

सकाळी ती हातोडी घेऊन विमानतळावर गेली. तिथे ना बावटा, ना पहारा. उतारूच नाहीत म्हणून फेऱ्याही बंद पडलेल्या. तिने धावपट्टीच्या कडेला चार घाव घातले, तोवर कचेरीतला कारकून आला. गावातलाच, शेजारच्या तोमांचा जावई.

"काकू, सरकारी काम आहे हे. फोडता येणार नाही. नाहाला अर्ज करा."

"बाबा, परक्या फौजेने मला बावीस वर्षांत कधी हटकलं नाही."

"त्यांचं वेगळं, काकू. हे आपलं आहे," तो अदबीने म्हणाला आणि हातोडी काढून घेतली.

ते तीन दगड तिने केवड्यापाशी नेऊन ठेवले. कुणास ठाऊक, कुणा दुसरीचं लेकरू असेल तिथे.

विधीच्या दिवशी थडग्यात रिकामं मडकं गेलं. नाबेने पूर्वजांना हात जोडून सांगितलं, पोरीचं नाव तेवढं घ्या, हाडं मागू नका. मग एकेकाच्या हातात उदबत्ती दिली. सेईतोकु हात पुढे करून उभा होता. त्याच्यापाशी ती थांबली नाही.