वाटीवरचा हात

जेवताना अप्पांनी आज वाटीवर हात आडवा धरला. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या वडिलांना दोन घास मऊ भातही जड जातो. मला आमच्या घरच्या पंगती आठवल्या. पाहुण्यांनी असाच हात आडवा धरला, की अप्पा जिलब्यांचं ताट घेऊन हट्टाने समोर उभे राहायचे. "हात काढा, नाहीतर हातावर वाढीन!" आग्रहालाही समोरच्याच्या पोटात जागा लागते, हे तेव्हा कुठे कळत होतं?

"अप्पा, हात काढा ना," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच हात काढला आणि एक चमचा भात खाल्ला. निघायला उठलेला पाहुणा यजमानाचं मन मोडू नये म्हणून खातो, तसा.