फुगडीच्या जोडीदारणीनं वजन घटवू नये

दक्षिण दिल्लीतल्या तमाम नागरिकांना, आणि विशेषेकरून आर. के. पुरममध्ये आमच्या क्वार्टरांसमोरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या सर्व स्त्री-पुरुषांना, त्यांच्या कुत्र्यांना आणि फाटकावरच्या चौकीदाराला अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मी कोंबडी नाही. मला दम्याचा विकार नाही. माझ्या अंगात कुणीही आलेलं नाही. तोंडानं ‘पक्‌ पक्‌ पकाक्‌’ असा आवाज काढत झपाझप चालणारी जी बाई आपण रोज बघता, ती एका मंत्रालयात जबाबदारीच्या खुर्चीवर बसते, खुर्ची काठोकाठ भरून बसते, आणि तिचं हे वागणं शुद्ध वैद्यकीय स्वरूपाचं आहे.

सुरुवात सरकारी दवाखान्यात झाली. डॉक्टरांनी आधी माझा रिपोर्ट बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा रिपोर्टाकडे वळले. त्यांना रिपोर्टच जास्त सुसह्य वाटला असावा.

“मॅडम, शुगर दरवाजे पे खडी है. अंदर बुलाना है?”

“नहीं.”

“तो वजन कम कीजिए. रोज चलिए.”

मी म्हटलं, चालायचा मला फार कंटाळा येतो. त्यावर ते म्हणाले, “म्यूजिक लगाके चलिए. पता ही नहीं चलेगा.”

पता नहीं चलेगा! या माणसानं आयुष्यात कधी जड देह उचलून बागेला फेरी मारली नव्हती, हे उघड होतं. पण मी आज्ञाधारक आहे. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या मुलाकडे फोन सोपवला. त्यानं त्यात काहीबाही भरलं आणि म्हणाला, “आई, हे वर्कआउटचं म्युझिक आहे. बिल्कुल एनर्जी येते यार.” तो मला ‘यार’ म्हणतो. दिल्लीत वाढलेल्या मुलांकडून अजून काय अपेक्षा ठेवायची?

पहिल्या सकाळी इयरफोन घातले आणि कानात कुणीतरी गोदाम पाडायला घेतलं. त्या धडधडाटात एक पुरुष माझ्यावर जिवाच्या आकांतानं ओरडत होता. आता मी इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत. कुणी माझ्यावर ओरडायला लागलं की माझी प्रतिक्रिया ठरलेली असते. मी शांतपणे खाली बसते. त्याप्रमाणे मी बाकावर बसले आणि तो ओरडून थकेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आवडीची जुनी भावगीतं लावली. भावगीतावर चालता येत नाही, हे मी आता अधिकारवाणीनं सांगू शकते. भावगीतावर फार तर खिडकीत उभं राहता येतं. माझी गती इतकी मंदावली की वॉकर घेऊन चालणारे एक आजोबा मला मागे टाकून गेले आणि जाताना “हिम्मत मत हारना बेटा” म्हणाले. तिसऱ्या कडव्यापर्यंत मला त्या गाण्यातल्या विरहिणीची इतकी दया आली, की फाटकाबाहेरच्या गाडीवर मी तिच्या वतीनं एक ब्रेड-पकोडा खाल्ला.

मग भजनं. भजनात माझे डोळे आपोआप मिटतात. मिटल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवत मी एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांच्या लॅब्रॅडॉरवर चालून गेले. कुत्र्यानं मला माफ केलं. साहेबांनी अजून केलेलं नाही.

आणि मग एके सकाळी फोन चार्ज करायचा राहिला. कान रिकामे. दहा-पंधरा पावलं टाकली असतील, तोच माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय सुरू झालं. पक्‌ पक्‌ पकाक्‌, पक्‌ पक्‌ पकाक्‌. आणि काय सांगू, पाय त्या आवाजामागे धावतच सुटले!

हा आमचा पकवा. मंगळागौरीला फुगडी घालताना बायका तोंडानं श्वासाचा जो ताल धरतात, तो. फुगडीला माझा मुलगा ‘वो गोल-गोलवाला डान्स’ म्हणतो. समोरासमोर उभं राहायचं, पावलाला पाऊल भिडवायचं, हातांची तिढी घालून घट्ट धरायचे, मागे झोक द्यायचा आणि गरगरायचं. वाद्य नाही, वायर नाही, चार्जिंग नाही. फुप्फुसं आणि निर्लज्जपणा एवढंच भांडवल.

माझी फुगडीची जोडीदारीण म्हणजे आमच्या खालच्या क्वार्टरमधली. आमच्या घरात तिचं नाव ‘खालची’. तिच्या घरात मी ‘वरची’. नगरची, ख्रिस्ती. चर्चमध्ये गाऊन गाऊन तिनं अशी फुप्फुसं कमावली आहेत की मेच्या उन्हाळ्यात कूलर बंद पडला तर ती नुसता उसासा टाकून घर गार करू शकेल. ती नवीन राहायला आली त्या श्रावणात मी तिला जरा चाचरतच विचारलं होतं, “मंगळागौरीचा कार्यक्रम आहे मंडळाचा. तुला चालेल?” ती म्हणाली, “गौर तुमची, फुगडी माझी.” तेव्हापासून दर श्रावणात, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहाच्या हॉलमध्ये आमची फुगडी ठरलेली. नोएडाच्या आयटीवाल्या पोरी शिवलेल्या नऊवारीत येतात आणि काड्यांसारख्या भिरभिरतात. त्या दिसतात छान. पण आम्ही दोघी उभ्या राहिलो की पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे घेतात. याला दबदबा म्हणतात.

या दबदब्याचं रहस्य मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते रहस्य म्हणजे आमचं वजन. दोघींचं अगदी सारखं! फुगडीत माया उपयोगाची नसते, प्रतिभा तर मुळीच नसते. मी जेवढ्या जोरानं मागे जाते तेवढ्याच जोरानं समोरचीनं मागे जायचं, मग दोघींपैकी कुणीच पडत नाही. देवानं आम्हाला वेगवेगळ्या धर्मांत, वेगवेगळ्या जिल्ह्यांत घडवलं, पण कणीक एकाच परातीतून घेतली.

आणि मी पकवा घालत रोज चालू लागले. ब्लाउज सैल झाले. डॉक्टर पहिल्यांदाच रिपोर्ट सोडून माझ्याकडे बघत हसले. मला आपलं वाटत होतं, वा!

उन्हाळ्यातच खालचीनं सराव काढला. तिच्या बैठकीच्या खोलीत टीपॉय सरकवलं, हात धरले, पकवा सुरू झाला, झोक घेतला, आणि मी निघाले. तिचे मिस्टर दिवाणावर पेपर वाचत होते. मी पेपरासकट त्यांच्यावर जाऊन पोचले. अत्यंत सज्जन गृहस्थ. पेपराच्या खालून ते म्हणाले, “या, वहिनी.”

खालची खोलीच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“तू वजन घटवलंस.”

“डॉक्टरांनी सांगितलं गं.”

“मला विचारलंस?”

“तुला काय विचारायचं? वजन माझं होतं.”

“निम्मं माझं होतं,” ती म्हणाली. “फुगडीतलं.”

मी हसले. ती हसली नाही. तिनं टीपॉय जागेवर सरकवलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की यांची रिटायरमेंट आली. दिवाळीच्या आत क्वार्टर सोडायचं आणि नगरला जायचं. म्हणजे येत्या श्रावणातली फुगडी शेवटची.

“डॉक्टर काय, तुला जन्मभर भेटेल,” ती म्हणाली. “मी नाही.”

त्या दिवशी मी चपला शोधायच्या निमित्तानं बराच वेळ खाली वाकून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यानं डबे चढू लागले. बासुंदी. तुपात निथळणाऱ्या शेवया. मार्केटमधले छोले-भटुरे, तेही गरम. श्रावणापर्यंत मला पूर्ववत करायची तिची योजना होती. माझी शुगर वाचवली ती आमच्या ह्यांनी. सगळे डबे त्यांनी एकट्यानं अंगावर घेतले, वर म्हणायचे, “तुमची मैत्री टिकली पाहिजे.”

डब्यांनी काम होईना, तेव्हा खालचीनं सरकारी धोरण स्वीकारलं. वस्तुस्थिती अमान्य करायची. भाजीबाजारात शेजारची पंजाबी आंटी मला बघून ओरडली, “हाय, आप तो कितनी पतली हो गईं!” खालची तुटक आवाजात म्हणाली, “कहाँ? साडी काली है, इसलिए.”

साडी पिवळी होती.

मी तिला एकदा म्हणूनही बघितलं, “मग तूच चल ना माझ्याबरोबर. दोघी सारख्या उतरू.” त्यावर मला ऐकावं लागलं की तिचं वजन तिच्या आईकडून आलंय, आईला तिच्या आईकडून, आणि खानदानी वस्तू कुणी अशी बागेत टाकून येत नाही.

इकडे बागेत माझ्या पकव्याला अनुयायी मिळायला लागले होते. दिल्लीत सकाळी बागेत तुम्ही तोंडानं काहीही करा, आठवड्याभरात तुमचा पंथ निघतो. एका आंटीनं विचारलं, “बहनजी, ये कौनसा प्राणायाम है?”

“महाराष्ट्रवाला.”

“पेट जाता है इससे?”

“मेरा जा रहा है.”

एवढं पुरलं. बघता बघता सलवार-कमीज आणि पांढरे बूट घातलेल्या आंट्यांची पलटण माझ्यामागे पकपकू लागली. पंजाबी आंट्या पकव्यातही खांदे उडवायच्या. बंगाली काकूंचं ‘पोक्‌ पोक्‌’ वेगळंच चालायचं. सगळ्यांचा मिळून जो आवाज व्हायचा, तो कानावर पडून झाडावरचे पोपट शेजारच्या सेक्टरात राहायला गेले.

खालचीच्या स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे उघडते, हे मी विसरले होते.

एके सकाळी फाटक धाडकन उघडलं. गाऊनवर ओढणी, हातात उलथनं, अशा अवतारात खालची आत आली आणि गरजली, “बंद करो!”

आम्ही सगळ्या थबकलो. ब्रिगेडियरसाहेबही थबकले.

“ये क्या है? ताल है या ट्रॅफिक जाम?” मग माझ्याकडे वळून, मराठीत, “आणि तू गं? इतकी वर्षं माझ्यासमोर पकवा घातलास, काय शिकलीस? सम कुठं, तू कुठं! दूध उतू गेलं माझं, इतकं बेसूर ऐकून!”

माझं घटलेलं वजन तिनं एक वेळ सहन केलं असतं. बेताल पकवा तिला सहन होणं शक्य नव्हतं. तिनं आंट्यांच्या रांगा लावल्या. पलटणीकडे तोंड करून, उलथन्यानं ताल देत, ती उलट्या पावली चालू लागली. “साँस पेट से! एक साथ! बंगाली दीदी, पक्‌! पक्‌!” आख्ख्या बागेला तिनं तशी फेरी मारली आणि गॅसवर कढई आहे हे आठवून पळत घरी गेली. हो, पळत.

दुसऱ्या दिवशी ती कॅनव्हासचे बूट घालून हजर. मी साळसूदपणे विचारलं, “आज फिरायला?”

“फिरायला तू येतेस. मी शिकवायला येते.”

रोज यायची. पावसाचे चार थेंब पडले आणि मी पांघरूण ओढून घेतलं, तर खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची. आंट्या तिला ‘मास्टरनीजी’ म्हणायला लागल्या. एकदा जिन्यात तिच्या मिस्टरांनी मला गाठून हळूच सांगितलं, “वहिनी, हिच्या गाऊनला आता पिन लावावी लागते. पण तुम्ही काही बोलू नका हं. बोललात तर बंद करेल.”

मी बोलले नाही. हा माझ्या आयुष्यातला संयमाचा उच्चांक आहे. पण नुसत्या पिनेवरून काय कळणार? दोघी सारख्या उतरलो होतो की नाही, हे फक्त फुगडीच सांगू शकत होती, आणि सराव करायला खालची तयार नव्हती. “घरात नको. एकदाच, तिकडे. उडालीस तर उडालीस. हॉल मोठा आहे.”

श्रावण आला. हॉल भरला. नोएडाच्या पोरींच्या फुगड्या झाल्या, टाळ्या झाल्या. आमच्या पुढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी माइक आणून ठेवला, पकवा मागपर्यंत ऐकू जावा म्हणून. पुढच्या रांगेनं सवयीप्रमाणे खुर्च्या मागे घेतल्या. त्यात तिचे मिस्टर सगळ्यांत आधी.

तिनं बोटातली अंगठी काढून सेक्रेटरीबाईंकडे दिली. पाऊल पावलाला लावलं. हातांची तिढी घातली.

“घट्ट धर,” ती म्हणाली.

“तू पण.”

पक्‌. पक्‌. पकाक्‌. सुरुवात हळू. मग जरा जलद. मग तो क्षण आला, मागे झोक द्यायचा, जिथून मागच्या वेळी मी दिवाणाकडे प्रस्थान ठेवलं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि स्वतःला मागे सोडून दिलं.

पलीकडून तेवढीच ओढ आली. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही.

मग आम्ही जे फिरलो! एवढ्या वेगानं आम्ही पूर्वी कधी फिरलोच नव्हतो. पूर्वी आम्हाला आधी स्वतःला ढकलावं लागायचं. हॉल, दिवे, पोरींचे मोबाइल, सगळ्याची एक रेघ झाली. नऊवारीचा काष्टा फडफडायला लागला. टाळ्यांचा पाऊस. मी डोळे उघडले.

फुगडीत सगळं जग पुसून जातं आणि एकच गोष्ट स्थिर दिसते, ती म्हणजे समोरचीचा चेहरा. तो मला दिसला. घामेजलेला, लालबुंद, डोळे विस्फारलेले. आणि तिचा पकवा थांबला. इतक्या वर्षांत तिनं फुगडीत एक ठोका चुकवला नव्हता, शब्द बोलणं तर लांबच. मला वाटलं, आता ही रडणार, हात सुटणार, आणि आपण थेट अतिथिगृहाच्या भिंतीत जाणार. मी बोटं आवळली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, जणू बागेत रोज शेजारून चालणारी मी नव्हतेच, आत्ता कुठं कुणीतरी माझ्यावरची चादर काढली होती. आणि गरगरता गरगरता, माइकसमोर, भरल्या हॉलमध्ये, ती ओरडली:

“अगं बाई! तुझी दुसरी हनुवटी कुठं गेली?”