पाठीवरचा परका हात

कपिलच्या उजव्या खांद्याखाली अंगठा टेकला आणि कमरुद्दीनला कळलं, इथं दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरलाय.

त्या जागेवरची गाठ त्याच्या ओळखीची होती. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, सुपारीएवढी. मेहनत जास्त झाली की ती वर यायची आणि कमरुद्दीन तेल लावून तिला घोळवत बसायचा. आज गाठ जागेवर नव्हती. आजूबाजूचा स्नायूही मऊ पडला होता. शिवाय कातडीला पुदिन्यासारखा गार वास येत होता.

"कुनाकडं गेला व्हतास रं?"

तालमीच्या फरशीवर पालथा पडलेला कपिल तोंड हातावर दाबूनच म्हणाला, "कुठं न्हाई, चाचा."

कमरुद्दीननं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यानं ती पाठ अशी रगडली की एवढा आडदांड पहिलवान कळवळला.

"हळू की चाचा!"

"आजवर कधी हळू म्हनला न्हाईस तू."

जुन्नरच्या तालमीत कमरुद्दीनला सगळे कमरूचाचा म्हणत. माणूस बुटका, मान आखूड, वय साठीला टेकलेलं. अंगाच्या मानानं तळवे मात्र फार मोठे. तरुणपणी तो स्वतः कुस्त्या खेळला होता, पण नाव होण्याआधीच गुडघा गेला. वस्तादांनी त्याला मालिशीला बसवलं ते कायमचंच. चोळणं, रगडणं, थापट्या मारणं आणि एखादा फारच जाडजूड पहिलवान असेल तर छताच्या दोराला धरून पाठीवर उभं राहणं, एवढी त्याची विद्या. तिच्यावर तो जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या जत्रा फिरला. दिवसभर ट्रॅक्टर चालवून कंबर धरलेले, टोमॅटोचे क्रेट उचलून मान आखडलेले, असेही लोक त्याच्याकडे यायचे. बरं वाटून परत जायचे.

त्याची मुलगी उजमा मालेगावला दिलेली. मुलगा नव्हता. निमगाव सावाच्या सुभाषनं आपला कपिल तालमीत आणून सोडला तेव्हा पोरगं इतकं लहान होतं, की पहिल्या दिवशी बैठका मारून पाय दुखले म्हणून रडायला लागलं. कमरुद्दीननं त्याच्या पोटऱ्या चोळल्या, तेव्हा कुठं झोपलं. तेव्हापासून ते अंग त्याच्या हाताखाली वाढलं. कपिलचा खांदा कुठं कच्चा आहे, कुठली मांडी लवकर भरून येते, हे त्याला कपिलच्या आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. तो हे बोलूनही दाखवायचा.

चार-आठ दिवसांनी कपिलनं आपणहूनच सांगितलं. दोघं तालमीबाहेर चहा पीत उभे होते.

"चाचा, रागवू नका. नारायनगावला रत्नदीप म्हनून एक जन हाय. महाळुंगे पडवळचा. पुन्याला फिजिओथेरपी शिकून आलाय, कबड्डीच्या संघाबरोबर पन व्हता. खांद्यासाठी मी त्याच्याकडं जातो."

"मग?"

"तो म्हनतो, कुस्तीच्या आदल्या दिवशी जोरात रगडायचं न्हाई, अंग ढिलं पडतं. कुस्तीआधी हलकं आन् भराभर, कुस्ती झाल्यावर सावकाश. ते स्पोर्ट्स मसाज. डीप टिश्यू म्हनजे खोलवरचा, तो मधल्या दिवसांत. आन् गाठीवर नुसतं घासायचं न्हाई, तो म्हनतो. एका जागी दाब धरून थांबायचं. त्याला ट्रिगर पॉइंट म्हनत्यात."

प्रत्येक 'तो म्हनतो' कमरुद्दीनला कानात उकळतं तेल पडल्यासारखा लागला. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

घरी आल्यावर त्यानं आमिनाला सगळं सांगितलं. आमिना त्याची बायको, शिवणकाम करायची. तिनं मशीन थांबवली नाही.

"अवो उजमाचे अब्बा, पोराचा खांदा बरा झाला ना? मग तोंड असं काय केलंय, कुनी सवत आनून बसवल्यासारखं?"

"तुला न्हाई कळायचं."

तिला कळलं होतं, म्हणून तर ती हसत होती.

त्यानंतर कमरुद्दीनच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, सलूनमध्ये, जिथं चार माणसं भेटतील तिथं तो सुरू व्हायचा. "मोबाइलवर चार व्हिडिओ बघून हात येतो का? भिंतीला कागद लावला म्हंजी झालं का? उद्या कुनाची मान मोडली की कळंल." लोक हो हो म्हणायचे आणि दुखायला लागलं की एसटी धरून नारायणगावला जायचे. टपरीवाला गेणभाऊच एक दिवस नारायणगावहून आखडलेली मान मोकळी करून आलेला दिसला. कमरुद्दीननं त्याच्याकडचा चहा सोडला.

रत्नदीपला त्यानं एकदाही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं मनात त्याचं रूप रोज बदलायचं. कधी तो गोरागोमटा असायचा, कधी गॉगल लावून फटफटीवर फिरणारा. प्रत्येक रूपात त्याचा एक हात कपिलच्या पाठीवर असायचा.

अशातच तालमीच्या ओल्या पायरीवरून कमरुद्दीन घसरला. डावा घोटा मोडला. पायाला प्लास्टर आलं आणि तो घरात अडकला. कपिल फळं घेऊन भेटायला यायचा. शेजारी बसला की कमरुद्दीन आधी वास घ्यायचा. पुदिना असायचाच.

"मेहनत कशी चालली?"

"चांगली. खांदा आता पूर्न वर जातो, बघा." कपिलनं हात उचलून दाखवला. कमरुद्दीननं खिडकीबाहेर पाहिलं.

प्लास्टर निघालं, पण पोटरी दुखतच राहिली. इतके दिवस पाय बांधलेला, आखडणारच, असं त्यानं धरलं. आणि मग त्याच्या डोक्यात आलं की हे बरंच झालं. हाच पाय घेऊन नारायणगावला जायचं. गिऱ्हाईक म्हणून झोपायचं, त्याचा हात बघायचा आणि परत येऊन सगळ्यांना सांगायचं, की कमरुद्दीननं स्वतः अनुभव घेतलाय, त्यात काही दम नाही.

आमिनाला त्यानं बाजाराला जातो म्हणून सांगितलं.

खोली बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर होती. भिंतीवर पदवीचा कागद, नोंदणीचा कागद. बायकांसाठी पडद्यापलीकडे वेगळी जागा आणि तिथं काम करायला बाईच. पलंगावरची चादर प्रत्येक माणसामागं बदलत होते. कमरुद्दीन खोट शोधत बसला होता आणि जितकी सापडेना तितका चिडत होता.

रत्नदीप बाहेर आला. सावळा, किडकिडीत, चष्मा लावणारा. याचे हात तर पोरीसारखे बारीक! कमरुद्दीनला जरा बरं वाटलं.

"नाव काय, चाचा?"

"दस्तगीर. जुन्नरचा."

रत्नदीपनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. मग प्रश्न सुरू झाले. बीपी आहे का, साखर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कुठं ऑपरेशन झालंय, दुखणं कधीपासून, चालताना जास्त की बसल्यावर.

"मालिश करायचीय का लगीन ठरवायचंय?" कमरुद्दीन म्हणाला.

रत्नदीप हसला. "न विचारता हात लावणाऱ्याकडं जाऊच नये, चाचा. दाखवा पाय."

त्यानं हात धुतले, विजार वर करायला लावली आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. टेप लावून मोजल्या. बोटांच्या मागच्या बाजूनं नुसता स्पर्श केला, आधी उजवीला, मग डावीला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"प्लास्टर कधी निघालं?"

"झाले की दिवस. आखडलाय नुसता. जरा दाबून तेल लाव, मोकळा व्हईल."

"नाही. आज मी हात लावणार नाही. आणि कुणालाच लावू देऊ नका, स्वतःसुद्धा चोळू नका. डावी पोटरी सुजलीय, गरम लागतीय. आत शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. असेलच असं नाही, पण आजच्या आज सोनोग्राफी करून घ्या. चिठ्ठी देतो." लिहिता लिहिता तो थांबला. "चाचा, चिठ्ठीवर कमरुद्दीनच लिहितो. दवाखान्यात आधार कार्ड मागतील."

कमरुद्दीनचे कान तापले. "तू वळकतोस मला?"

"महाळुंग्याच्या जत्रेत लहानपणापासून बघतोय तुम्हाला. घरी सोडायला कुणाला पाठवू का?"

कमरुद्दीननं चिठ्ठी खिशात कोंबली आणि लंगडत बाहेर पडला. एसटीत बसल्यावर मात्र त्याला हसू यायला लागलं. घाबरला! साधी पोटरी हातात घ्यायची हिंमत झाली नाही. मला ओळखलं, माझ्यापुढं हात चालेना, म्हणून गाठीची गोष्ट रचली. जुन्नर येईपर्यंत त्यानं सगळ्यांना काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं.

घरी येताच तो बाजेवर बसला. "आमिना, तेल गरम कर. आता मीच बघतो या पायाकडं."

आमिना वाटी घेऊन आली. "बाजार कुठाय?"

मग त्याला सांगावंच लागलं. तो रंगवून सांगत होता आणि आमिनाचा चेहरा उतरत होता.

"त्यानं हात का न्हाई लावला पन? समोर आलेलं गिऱ्हाईक कुनी असं उगंच माघारी लावतं का?"

"अगं, त्याला येतच न्हाई काय!"

त्यानं वाटीत बोटं बुडवली. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि कपिल आत आला. आल्या आल्या त्यानं वाटी उचलून आमिनाच्या हातात दिली.

"चाचा, उठा. दवाखान्यात जायचंय."

"तुला कुनी सांगितलं?"

"रत्नदीपचा फोन आला. तुमी जानार न्हाई म्हनला, म्हनून मी आलो."

म्हणजे हे दोघं फोनवर बोलतात. माझ्याविषयी बोलतात. पायाचं राहिलं बाजूला, ही कळ त्याच्या छातीत गेली. "मला कुठं जायचं न्हाई. जा तू तुझ्या डाक्टरकडं."

कपिलनं वाद घातला नाही. खाली वाकून त्यानं म्हाताऱ्याला पोत्यासारखा खांद्यावर घेतला, उजव्या खांद्यावर, आणि गल्लीतून कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत नेला. शेजारचे दारात येऊन बघत होते. कमरुद्दीन त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होता.

सोनोग्राफीत गाठ दिसली. पोटरीच्या वर गुडघ्याकडं सरकलेली. डॉक्टरीणबाईंनी त्याला भरती करून घेतलं, इंजेक्शन सुरू केलं.

"पाय चोळला होता का?" त्यांनी विचारलं.

"चोळनार व्हतो."

"नशीब तुमचं. चोळून ती सुटली असती आणि फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. चोळू नका म्हणून कुणी सांगितलं?"

"रत्नदीपनं," कपिल चटकन म्हणाला. त्याच्या आवाजातला अभिमान कमरुद्दीननं ऐकला. हा आवाज एके काळी आपल्यासाठी होता. जीव वाचला याचा आनंद व्हायला हवा होता आणि तो होताही. पण ज्याच्यामुळं वाचला त्याचं नाव कपिलच्या तोंडून ऐकताना त्याला डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

दवाखान्यातून घरी सोडल्यावर पुढच्या रविवारी रत्नदीप भेटायला आला. आमिनानं त्याला शिरखुर्मा केला, ईदला करतात तसा. तो जमिनीवर बसला, पायाची चौकशी केली. जाताना म्हणाला, "चाचा, बरे झालात की या एकदा. पहिलवानाचं अंग तुम्ही जितकं हाताळलंय तितकं मी नाही. बघायचंय मला."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर कमरुद्दीन फुलून गेला असता. याच्या तोंडून त्याला ते सहन झालं नाही. उद्धट तरी असायचा होता, म्हणजे शिव्या देता आल्या असत्या. "बघू," एवढंच तो म्हणाला. गेला मात्र नाही.

उन्हाळ्यात निमगाव सावाच्या आखाड्यात कपिलची कुस्ती होती. कमरुद्दीन काठी टेकत गेला आणि गर्दीत मागं उभा राहिला. आखाड्याच्या कडेला कपिल बसला होता आणि रत्नदीपची ती बारीक बोटं त्याच्या खांद्यावरून भराभर, हलकी फिरत होती. कमरुद्दीन खोट काढायला उभा होता, पण त्याला हात कळायचा. हात चांगला होता. त्यानं मान वळवली, पुन्हा तिकडंच पाहिलं.

कुस्ती बराच वेळ चालली. कपिलनं उजव्या खांद्यानंच रेटा देऊन समोरच्याला चीत केलं. हलगी कडाडली, लोकांनी त्याला उचललं. वर उचललेल्या कपिलची नजर गर्दीतून फिरत होती. ती कुणाला शोधतेय हे बघायला कमरुद्दीन थांबला नाही. कदाचित त्यालाच शोधत असेल. पण नसेल तर, म्हणून तो आधीच निघाला.

आता तो थोडं काम करतो. हात लावण्याआधी बीपी विचारतो, गोळ्या विचारतो. एकच पाय सुजलेला, गरम लागणारा असेल तर सरळ दवाखान्यात पाठवतो. परवा मंचरचा एक ट्रॅक्टरवाला आला. कमरेतून कळ निघून पाय बधिर होतो म्हणाला. कमरुद्दीननं हात मागं घेतला.

"हे माझं काम न्हाई, भाऊ. आधी डाक्टरला दाखव, आन् मग शिकलेल्याकडं जा. कुठं शिकला ते विचार, कागद बघ. विचारल्यावर चिडला तर उठून ये. आधी तो तुला चार गोष्टी विचारतो का बघ. दुखतंय, थांब म्हनलास तर थांबला पायजे."

"असा कोन हाय, चाचा?"

कमरुद्दीन बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिला.

"नारायनगावला हाय एक."

"नाव काय त्याचं?"

"जा की. बाजारपेठेत कुनाला बी इचार, सांगत्याल," कमरुद्दीन म्हणाला आणि आत निघून गेला.