हेमाची सोळा तळी

हेमाबरोबर हॉटेलात गेलं की आपल्याला काय हवंय ते आपण सांगायचं कारणच नसे. वेटर टेबलाशी येतो न येतो तोच ती म्हणे, "हिला डोसा, तेल कमी. चहा नको, पित्त होतं हिला." आणि ते बरोबरच असे.

बोर्डीच्या शाळेत आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं शिकवलं. मी मराठी, ती भूगोल. राहायला दोघी मसोलीत, त्यामुळे जाता-येता बसही एकच. तिचे वडील मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. आई बोंबील वाळवून विकायची आणि थोरली म्हणून धाकटी तिघं हिनेच वाढवली. माझे यजमान आजारी पडून कासा गावच्या दवाखान्यात होते तेव्हा डबा, माझा रजेचा अर्ज, माझे तास, सगळं हिने पाहिलं. आभार मानायला लागले तर म्हणाली, "तू गप्प बस. मी आहे ना."

तिचं स्वतःचं असं एकच वेड होतं, क्रोएशियातलं एक राष्ट्रीय उद्यान. चुनखडीचा धडा आला की ती पुस्तक मिटायची आणि मुलांना सांगायची, "सोळा तळी आहेत, एकाखाली एक. वरचं भरलं की खालच्यात सांडतं. सांडतं तिथे धबधबा." निवृत्त झाल्यावर दोघींनी तिथे जायचं, हे बसमध्येच कधीतरी ठरलं होतं. झालो निवृत्त. पासपोर्ट काढले, एका टूरवाल्याकडे नावं दिली.

त्या दिवाळीत मी जिन्यावरून घसरले आणि गुडघा दुखावला. मेपर्यंत चालायला लागाल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मार्चमधल्या एका दुपारी हेमा आली आणि दारातूनच म्हणाली, "तुझं नाव काढलं त्यांनी. तिथे नुसत्या पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांना नेत नाहीत." मी रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. निघायच्या दिवशी मी तिला माझा नवा रेनकोट दिला, धबधब्याचे तुषार उडतात म्हणून. परत आल्यावर फोटो दाखवत म्हणाली, "नाही आलीस ते बरं. चढून चढून जीव गेला असता तुझा."

यंदा भाचीने हट्टाने त्याच टूरवाल्याकडे माझं नाव घातलं. उद्यानात शिरलो तर तळ्याच्या काठाला बोट लागलेली. वरच्या तळ्यांकडे न्यायला गाडी. माझ्याहून थकलेली माणसं निवांत बसून चालली होती. मी टूरच्या माणसाला विचारलं, "हे आधीपासून आहे?"

"कित्येक वर्षं," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुम्हीच नाव काढून घेतलंत ना? हेमलताबाईंचा फोन आला होता, तुमची इच्छा राहिली नाही म्हणून."

पाणी अगदी तिने सांगितलं होतं तसं होतं. हिरवं, तळाशी पडलेल्या झाडाच्या फांद्या दिसाव्यात इतकं नितळ. मी बोटीत बसले, भाची काहीबाही दाखवत होती, आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

परतल्यावर तिच्याकडे गेले. ती अंगणात चिकू निवडत होती. "मी बोटीतून फिरून आले," मी म्हटलं. तिचे हात थांबले. ती काही नाकारायला गेली नाही.

"मला एकदा एकटीने चालायचं होतं गं," ती म्हणाली. "मागे कोण राहिलं ते न बघता. तू असतीस तर मी तुझा हात धरून बोटीत बसले असते."

"मग तसं सांगायचं. मी घरी राहिले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं. तू हसून राहिली असतीस, आणि मग मला जाता आलं नसतं."

ती खरं बोलत होती. इतक्या वर्षांत तू दमतेस का, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पण त्या दुपारी मी रडत असताना तिला सगळं ठाऊक होतं आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता, हे काही केल्या मनातून जाईना.

मी उठले. फाटकाशी येऊन ती नेहमीसारखं म्हणाली, "पोचलीस की फोन कर." चार गल्ल्यांचं अंतर, तरी इतकी वर्षं मी न चुकता करत आले होते. घरी आले आणि फोन टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो दोनदा वाजला. मी उचलला नाही.