आखरावरची हजेरी

१५ ऑगस्ट. सकाळी ऊन, अकरानंतर आभाळ. पाऊस निरंक.

खरं तर एवढंच लिहायला मी रोज डायरी उघडतो. चौथीनंतर शाळा सुटली, लिहायची खोड काही सुटली नाही. पण माझं शिलाईचं दुकान पडलं आखरावर, म्हणजे गावची गुरं चरायला निघण्याआधी जिथं जमतात त्या मोकळ्या जागेवर. हवामानाला एक ओळ पुरते. किस्से मात्र समासात चढून बसतात!

आमची बैठक तिथल्याच कडुनिंबाखाली. फौजेतून रिटायर झालेले नाना, कौसल्याकाकू आणि मी. समोर काकूंच्या मुलाच्या, शिवदासच्या आठवणीचा दगड. शिवदास फौजेत होता. सीमेवर लढताना गेला, त्याला नऊ वर्षं झाली. तो दगड हलवून आखरावर दुकानांचे गाळे काढायचे, हे सरपंचांच्या डोक्यात दोन वर्षांपासून आहे.

*

२६ जुलैला, कारगिल दिवसाला, आम्ही दगडाला हार घालतो. एका वर्षी सरपंचांनी त्यासाठी पाहुणे आणले. पाहुण्यांनी माइक ठोकून पाहिला, घसा साफ केला.

"आजच्या दिवसाच्या आपणा सर्वांना हार्दिक शुभेच्छा!"

पुढच्या रांगेतून काकू म्हणाल्या, "कायच्या शुभेच्छा बे?"

पाहुणे आभार मानून खाली बसले. नाना मला हळूच म्हणाले, "आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं भाषण!"

*

त्याच कार्यक्रमात नानांनी मौनासाठी "सावधान!" असा आवाज दिला आणि नेमकी गुरं आली. सवयीनं येऊन माणसांच्या मधोमध उभी राहिली.

"हाकला, हाकला!" सरपंच पुटपुटले.

नाना ताठ उभे. दोन मिनिटं झाल्यावर मगच वळले.

"हाकलू काऊन? आखर त्याइचं हाये, पाहुणे आपुन हावो. अन् एक तरी हललं का? फोन वाजला तो तुमचा!"

*

दरसाल मतदार यादी तपासायला एक गुरुजी येतात. काकूंच्या दारात त्यांचा ठरलेला प्रश्न.

"काकू, शिवदासच्या नावापुढं मयत लिहू?"

"मयत नाई. शहीद लिहा."

"शहीदचा रकाना नाही हो काकू. मयत आहे, नाहीतर गाव सोडून गेलेला."

"गाव सोडून तो गेला नाई. दगड पाहून या आखरावर."

"मग काय लिहू?"

"रकाना आला की या. तोवर नाव राहू द्या."

गुरुजी चहा पिऊन जातात. नऊ वर्षांत नऊ वेळा चहा झाला. नाव आहे तिथंच आहे.

*

मागच्या वर्षी पंचायतीची नोटीस लागली. नानांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचली: "अखेर या जागेवर गाळे बांधण्याकरिता मोजणी करण्यात येईल."

"काय म्हनलं? पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. अखेर! टाइप करणाऱ्यानं आखराचं अखेर केलं होतं.

नानांनी तिथंच मला उत्तर लिहायला बसवलं: "आमच्या गावात अखेर नावाची जागा नाही. सापडल्यास कळवावे." मी शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि पंचायतीत पोच घेऊन दिलं.

तरी मोजणीवाले साहेब आलेच. दगडापाशी काकू बसल्या होत्या. साहेबांनी कागद पाहून विचारलं, "मावशी, अखेर कुठं आहे?"

काकूंनी हात लांब केला. "त्या नाल्याच्या पलीकडं. साऱ्याइचीच तिकडं हाये."

साहेब गेले. दहा मिनिटांत घाम पुसत परत आले. "अहो, तिथं तर स्मशान आहे!"

"मंग बरोबर गेलते तुमी," नाना म्हणाले.

एक काना वाढवायला आणि एक मात्रा काढायला कागदाला वर्ष लागलं.

*

आज झेंडावंदनानंतर आखरावरच ग्रामसभा. या वेळी गाळ्यांच्या ठरावात आखर शुद्ध लिहिलेलं होतं, मी पाहिलं.

"कोण कुठल्या गावचा बसला हाये, कसं कळावं? मतदार यादीवरून हजेरी घ्या!" नाना उभे राहून म्हणाले. ग्रामसेवक यादी वाचू लागले. वाचता वाचता शिवदासचं नावही वाचून गेले आणि थांबले.

"हजर," काकू म्हणाल्या.

"काकू, असं कसं?" सरपंच.

"यादी कोनाची हाये? तुमचीच ना? लिहा हजर."

ग्रामसेवकांनी सरपंचांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि लिहिलं.

सरपंच समजावू लागले. "दगड फेकून नाही देत आहोत, काकू. शाळेमागं चांगली जागा देतो. टाइल्स लावू, लाईट लावू."

"तो अंधारात पहारा करत होता. त्याले लाईट नाई लागत. आखर लागते."

मग हात वर करून मतं. आधी ठरावाच्या बाजूचे हात मोजले, मग विरोधाचे. ग्रामसेवक बोटानं मोजत काकूंपर्यंत आले आणि अडले.

"काकू, तुमचे दोन्ही हात वर आहेत."

"यादीत नावं बी दोन हायेत."

गाळ्यांच्या ठरावाच्या बाजूनं एकेचाळीस. विरोधात बेचाळीस. ठराव नामंजूर.