मीटरच्या झाकणामागची तीन मडकी

मीटरताईचं काम सांगायला सोपं होतं. घरोघरी जायचं, मीटरची पेटी उघडायची, आकड्यांचा फोटो काढायचा आणि पुढचं दार गाठायचं. दिवसाला दीडशे पेट्या. बावीस वर्षांत तिला इतकी सवय झाली होती की घड्याळात बघतानाही ती डावीकडची शून्यं सोडून वाचायची.

पण पेटी उघडली की आकड्यांच्या आसपास बरंच काही राहायला आलेलं असायचं. कोळ्याची पांढरी पिशवी, पतंगाचा कोष, कोपऱ्यात मुंग्यांचं बिऱ्हाड. ती क्षणभर थबकायची, बघायची आणि मग आठवण झाल्यासारखी पळायची. लेकीला हे ठाऊक होतं. गेल्या वर्षी पहिल्या पगारातून तिने आईला फोनवर चिमट्याने लावायची एक फुगीर काच आणून दिली. "रोज उभी राहून बघतेसच, तर नीट तरी बघ."

पहिला फोटो मुंगीचा. त्या दिवशी ती घरात शिरली ती ओरडतच, "अहो, मुंगीच्या तोंडावर केस असतात!" नवऱ्याने पेपर खाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "जेवायला बसलोय ग आम्ही. ते तोंड जरा वेळाने दाखव."

काच हट्टी होती. किड्यापासून दोन बोटांवर फोन न्यायचा, श्वास रोखायचा आणि बोट टेकवायचं. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर व्हायचे, पाय नीट आले की किडा उडालेला असायचा. चाळीस फोटोंत एखादा जमायचा. पण तो जमला की मीटरताईचे पाय जमिनीवर ठरत नसत.

तिच्या वाटेवर गल्लीच्या टोकाला एक निवृत्त दाताचे डॉक्टर राहायचे. एकटेच. अंगण मोठं, मागे झुडपं माजलेली, पण घर असं लख्ख की ती फाटकाला हात लावून आत गेली की डॉक्टर मागून फडकं मारायचे. त्या दिवशी तिने पेटी उघडली आणि तिथेच खिळून राहिली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिखलाची तीन मडकी होती, दोन वाटाण्यांएवढी. दोहोंची तोंडं लिंपलेली, तिसऱ्याचं उघडं, आणि त्याला सुबक वळवलेला काठ.

"बघितलंत?" डॉक्टर मागून म्हणाले. "ती घाण आज खरवडून टाका. पेटी तुमची, साफ तुम्हीच करायची."

"डॉक्टर, ही कुंभारमाशीची घरं आहेत. आत पिल्लं असतील."

"माझ्या भिंतीवर नकोत!"

तेवढ्यात ती आलीच. काळीपिवळी, कंबर दोऱ्यासारखी, पायांत तिच्याहून जाड हिरवी अळी. पेटीच्या तळच्या फटीतूनच यायची सवय, पण आज दारच उघडं पाहून सरळ आत शिरली आणि मडक्याच्या तोंडात ती अळी कोंबू लागली. मीटरताईने काच लावली, श्वास धरला, आणि पाच-सहा फोटो काढून फोन डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"अरे वा," ते हळूच म्हणाले. "हा जबडा बघा! आडवा उघडतो. कडेला दाते आहेत. दातेच ते! चाळीस वर्षं जबडे बघितले मी, पण असा कुणी खुर्चीत बसवला नव्हता."

खरवडायचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवसापासून मीटरताई कामावर जाण्याआधी सकाळी पाऊण तास डॉक्टरांकडे जाऊ लागली. पेटीत उजेड कमी पडायचा, तर डॉक्टरांनी दात तपासायचा छोटा गोल आरसा काढला आणि कोवळं ऊन मडक्यांवर फेकलं. ती "जरा डावीकडे" म्हणायची, ते "तोंड मोठं उघडा" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. तिसरं मडकं लिंपून झालं. कुंभारमाशी निघून गेली ती परत आली नाही.

नवव्या दिवशी मडक्यावर भलतीच कुणीतरी होती, मडकं चाटत असल्यासारखी. निळी-हिरवी, झगझगीत. अंगभर बारीक खळगे, जणू कुणी सुईने टोचून टोचून पत्रा सजवलाय. मीटरताईच्या अंगावर काटा आला. "आरसा हलवू नका, डॉक्टर, तुम्हाला शपथ आहे!" सव्वीस फोटो. संध्याकाळी कार्यालयात ते सगळ्यांना दाखवून झाले. लाइनमन म्हणाला, "बाई, हा किडा नाही, दागिना आहे."

मग कागद आला. जुने मीटर बदलायचे होते. डॉक्टरांच्या गल्लीचा नंबर पुढच्याच बुधवारी. पेटीसकट सगळं उतरवून भंगारात.

मीटरताई साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. साहेब तिच्या लेकीच्या वयाचे, भले, पण घाईत. "ताई, माशीसाठी काम थांबवू? वर काय लिहू मी?"

"काम थांबवू नका. मीटर न्या, पेटी न्या. फक्त झाकण मला द्या. ते तसंही भंगारच आहे."

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि होकाराची मान डोलावली.

बुधवारी तिने लाइनमनला स्क्रू काढू दिले नाहीत, स्वतः काढले. झाकण दोन्ही तळव्यांवर अलगद उचललं. डॉक्टर शेजारी उभे राहून "सावकाश, सावकाश, हिरडी दुखेल" असं काहीतरी पुटपुटत होते. नवी पेटी जरा खाली बसली, आणि तिच्या वीतभर वर, जुन्याच उंचीला, मडकी सावलीत राहतील असं झाकण तारेने बांधलं.

त्यानंतर बारा दिवस काहीच नाही. मीटरताईला घास गोड लागेना. सासूबाई रोज विचारायच्या, "झाली का ग बाळंत तुझी मडकी?"

तेराव्या दिवशी ती एका इमारतीच्या जिन्यात सोळा मीटरांपुढे उभी असताना फोन वाजला. डॉक्टर ओरडत होते, "ताई, या! कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतोय! पहिल्या मडक्यात!"

उरलेले सात मीटर तिने कसे टिपले ते तिचं तिलाच माहीत. सायकल फाटकावर टाकून ती धापा टाकत पोचली तेव्हा मडक्याच्या पोटावर ओला डाग दिसत होता. डागाला भोक पडलं. भोकातून जबडा डोकावला, मग मिशा थरथरल्या. तिने काच नेऊन टेकवलीच जवळजवळ. डॉक्टरांचा आरसा स्थिर होता. भोक वाढलं, डोकं बाहेर आलं.

डोकं निळं होतं.

"हे काय?" मीटरताईच्या तोंडून निघालं. काळंपिवळं काही नाही. तीच झगझगीत निळी, नवीकोरी, डोक्यावर चिखलाचा कण घेऊन बाहेर आली, पंख झटकले, आणि फोटोंचा सपाटा चालू असतानाच उडाली.

दोघं पायरीवरच बसले. तिने फोनवर नवव्या दिवसाचे फोटो उघडले आणि बोटाने मोठे करत गेली. सोळाव्या फोटोत निळीचं शेपूट पहिल्या मडक्यात रुतलेलं होतं. विसाव्यात तिथे ओला ठिपका, बुजवलेला.

"डॉक्टर, ती चाटत नव्हती! भोक पाडून आपलं अंडं घालत होती! आपल्या डोळ्यांदेखत!"

"कोकिळा!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "कावळ्याच्या घरट्यातली कोकिळा! आतलं पिल्लू हिच्या पिल्लाने खाल्लं!"

मीटरताईला कुंभारमाशीचं वाईट वाटलं. अळ्या वाहून वाहून दमलेली बिचारी. पण वाईट वाटत असतानाच ती पुन्हा पुन्हा फोटो बघत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. पुस्तकातलं नाही, टीव्हीवरचं नाही, मीटरच्या झाकणावरचं कारस्थान तिने स्वतः पकडलं होतं.

तीन दिवसांनी दुसऱ्या मडक्यातून खरीखुरी कुंभारमाशी निघाली, कंबरेसकट. त्या दिवशी सासूबाईही रिक्षाने आल्या होत्या. बघून म्हणाल्या, "ही आईवर गेली."

तिसरं मडकं मात्र तसंच राहिलं. महिना गेला, दीड महिना गेला. शेवटी डॉक्टरांनी ओट्यावर पांढरा कपडा अंथरला, बारीक हत्यारं मांडली आणि मडक्याची बाजू टोकाने कोरून कापली. आत सात अळ्या वाळून काडीसारख्या झालेल्या. मीटरताईने काच पुढे नेली. छताला काहीतरी लटकत होतं. केसाहून बारीक दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला सुकलेलं अंडं.

"टांगलंय!" ती कुजबुजली. "डॉक्टर, अंडं टांगून ठेवलंय तिने! अळ्यांच्या ढिगाखाली चिरडू नये म्हणून!"

डॉक्टर वाकले. नाक मडक्याला टेकेल इतके.

"श्वास सोडू नका," मीटरताई म्हणाली. "दोरा हलतोय." आणि तिने बोट टेकवलं.